खाडीची पाऊणकी

पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची वेळ, हीच पाऊणकी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा, म्हणून अष्टमीचे सहा सकाळचेही आणि संध्याकाळचेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं मागे पडतो आणि पाऊणकी पंचेचाळीस धरते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अपोलो बंदरच्या तक्त्यातली वेळ ऐरोलीला तशीच लागू होत नाही. पाणी तिथवर चढायला आणखी थोडा अवकाश लागतो. मोबाईलवर मिनिटाबरहुकूम तक्ता मिळत असताना पाऊणकी कशाला, असं कुणी विचारेल. तक्ता वेळ सांगतो. पाऊणकी येणाऱ्याला पंचांग चाळताना पुढच्या महिन्यातला कुठला रविवार कामाचा आणि कुठला फुकट, हे जागच्या जागी कळतं. ठाणे खाडीत बोट निघेल का, पक्षी जवळ येतील का, लावलेलं रोप जगेल का, हे सगळं पाण्याच्या येण्याजाण्यावर अवलंबून असतं.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झालं. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा पश्चिम काठ, सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन, म्हणजे खारफुटी, आणि ७९४ हेक्टर पाणी. कागदावरचं ‘पाणी’ सुकतीला बघितलं तर त्यातला मोठा भाग चिखल असतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. २०२२ साली ६,५२१ हेक्टरचा पट्टा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतरचं महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ. पूर्व द्रुतगती मार्गावरून मुलुंड ते घाटकोपर रोज जाणाऱ्या लाखो माणसांना यातलं काय दिसतं? होर्डिंगच्या मागे एक हिरवी पट्टी. ती रस्त्याच्या बाजूने कंटाळवाणी दिसते, कारण तिचं तोंड पलीकडे, खाडीकडे आहे.

काठापासून पाण्याकडे गेलं की एकामागोमाग एक निराळ्या दुनिया लागतात. आधी मिठागरं आणि त्यांच्यालगतची पाणथळ, उधाणालाच भिजणारी खारी जमीन. मग मारांडीची काटेरी झुडपं, मग तिवराची दाटी, अधूनमधून चिपी आणि काजळा. विक्रोळी-कांजूरकडच्या दाटीत कोल्हे आहेत. रात्री त्यांची कुई इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू येते. त्यापुढे उघडा चिखल आणि शेवटी वाहतं पाणी. या सगळ्यांत कुणाचा वाटा किती, हे भरती किती वर चढते त्यावर ठरतं. हातभर उंचीचा फरक पडला तरी झाडं बदलतात.

गर्दी होते ती रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजेच फ्लेमिंगोंसाठी, आणि होणारच. १९९० च्या दशकापासून ते शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने उतरू लागले. आता हंगामात खाडीभर लाखाच्या वर पक्षी असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात यायला सुरुवात, पाऊस तोंडावर आला की परत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये काही रोहितांना उपग्रह टॅग लावले, तेव्हा त्यांचं खंभातचं आखात, भावनगर आणि कच्छकडचं जाणंयेणं नकाशावर दिसलं. दोन जाती एकत्र चरतात. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित त्याच्या खांद्याला लागेल एवढा, रंगाने गडद, चोच काळपट लाल. खाडीत भरणा छोट्याचा आहे. थव्यात करडे, मळकट दिसणारे पक्षी असतात, ती तिसरी जात नव्हे, ती तरुण पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षं लागतात.

दोघं एकाच चिखलात मान उलटी घालून चरत असले, तरी ताट वेगळं असतं. चोचीच्या आत कंगव्यासारखे दाते असतात आणि जीभ पाणी आत ओढून बाहेर फेकत राहते. छोट्या रोहिताकडे मैद्याची चाळण आहे, मोठ्याकडे रव्याची. छोटा वरच्या थरातलं निळं-हिरवं शेवाळ आणि डायटम गाळून घेतो. मोठा खालचा गाळ ढवळून किडे, अळ्या, बारीक कोळंबी उचलतो. मोठ्या रोहिताने एका जागी पाय नाचवत गिरकी घेतली की सुकतीला चिखलात वाटोळी खळगी उरते. आता नको असलेली बाजू. हे शेवाळ इतकं माजतं त्यामागे शहराच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद आहे, असं अभ्यासक बऱ्याच काळापासून मांडत आले आहेत. म्हणजे आपण ज्याला निसर्ग म्हणून तिकीट काढून बघतो, त्यात आपल्याच गटारांचा हात आहे. यावरून घाण सोडली तरी चालेल, असा निष्कर्ष काढणारे महाभागही भेटतात. खत आणि विष एकाच नाल्यातून येतं, एवढं त्यांना सांगावं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी पिढीभर पचवलेल्या या खाडीत मासळी किती उरली, ते काठावरच्या कोळणींना विचारावं.

पक्षी बघायला जाणाऱ्यांची बहुतेक निराशा वेळ चुकल्याने होते. पूर्ण सुकतीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित पाण्याच्या कडेने पार लांब सरकतात. दुर्बिणीतून गुलाबी रेघ दिसते, बस्स. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. मग ते उडून भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राकडची तळी नाहीतर नवी मुंबईतल्या पाणथळ जागा गाठतात. जे काही बघायचं ते मधल्या वेळात, भरतीच्या आधी दोन-अडीच तास. पाणी चढू लागतं तसा थवा पावला-पावलाने काठाकडे ढकलला जातो. त्यात उन्हाची बाजू धरावी लागते. शिवडी जेट्टीचं तोंड पूर्वेला आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. तिथे दुपार कलल्यावर जावं. म्हणजे भरती संध्याकाळी सहाच्या आसपास हवी, म्हणजे सप्तमी ते नवमी, आणि पोहोचायचं साडेतीनला. या तिथ्या भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या असल्याने पाणी फार वर चढत नाही, थवा जास्त वेळ टिकतो, हा वरचा फायदा. ऐरोलीच्या काठावरून आपण पश्चिमेकडे बघतो, तिथे सकाळ चांगली. द्वादशी-त्रयोदशीला भरती नऊ-पावणेदहाची, म्हणून साडेसातपर्यंत जेट्टीवर हजर असावं. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या सुमाराला येते, सकाळी सहाला पूर्ण सुकती. त्या दिवशी पहाटे उठून आलेली मंडळी फक्त चिखल बघून जातात.

ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्राची बोट याच गणितावर चालते. नोंदणी करताना मिळणारी वेळ रोज बदलते, आणि ‘कालच्याच वेळेला या’ असं कुणी सांगत नाही. उशीर झाला तर बोट थांबत नाही, कारण परतताना पाणी उतरलेलं असेल तर पंखा गाळात रुततो आणि मग पुढची भरती येईपर्यंत सगळे अडकतात. बोट थव्यात घुसवायची नसते. इंजिन आधीच मंद करून, बाजूने, वाहत्या पाण्याबरोबर सरकू द्यायचं. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर काढल्या आणि सगळे एका दिशेला चालू लागले की तिथेच थांबायचं. त्यापुढचं पाऊल म्हणजे उड्डाण. ‘एकदा उडव ना, फोटो मस्त येईल’ ही फर्माईश हमखास होते. हे पक्षी दिवसभर चरून परतीच्या प्रवासाची चरबी साठवत असतात. प्रत्येक बोटीने एकदा उडवलं तर त्या साठ्याचं काय होईल, हा हिशेब फर्माईश करणाऱ्याला माहीत नसतो, नावाड्याला असतो.

नावाडी कोळी असावा यात नुसता रोजगाराचा प्रश्न नाही. दिवा, गोठिवली, घणसोली, वाशी, पलीकडे भांडुप, माहूल, तुर्भे (ट्रॉम्बे). या गावांनी खाडीच्या तळाचा नकाशा डोक्यात ठेवलेला आहे. कुठे वाळूची पाठ आहे, कुठल्या आतल्या वाटेने सुकतीलाही होडी निघते, हे छापलेल्या नकाशात सापडत नाही, कारण गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो. अभयारण्य होणार म्हटल्यावर या गावांत धास्ती होती, आणि ती रास्त होती. अभयारण्य या शब्दाने देशभर किती लोकांची चूल विझवली, हे त्यांना ठाऊक होतं. पारंपरिक मासेमारी चालू राहील हे ठरल्यावरच गाडं पुढे सरकलं. पाग टाकून बोय धरणं, पावसाळ्यात जिताड्यावर नजर ठेवणं, तिवराच्या मुळांतून निवट्या आणि चिंबोऱ्या हाताने काढणं, यातल्या कशानेही खाडीचं नुकसान होत नाही. बारीक डोळ्याची जाळी खाडीच्या तोंडाशी आडवी लावली तर मात्र होतं. पिलावळ तिवरात वाढायला येते ती वाटेतच संपते. राज्याच्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेतून खेकडा आणि शोभिवंत मासे पाळायला गटांना अनुदान मिळतं. त्यात खेकड्यांचं कुंपण झाडांच्या मध्ये, झाड न तोडता घालायचं असतं. अडचण बियाण्याची. पाळायला लागणारी पिल्लं त्याच खाडीतून ओरबाडून आणली, तर पुढच्या वर्षी गटालाही मिळत नाहीत आणि हाताने धरणाऱ्यांनाही नाही.

आता झाडांकडे. तिवराचं एखादं पान उलटं-सुलटं करून बघावं. खालची बाजू रुपेरी, वरून हिरवं, आणि उन्हाच्या दिवशी पानावर बारीक स्फटिक चमकतात. जिभेला लावले तर मीठ. तिवर खारं पाणी शोषतं आणि मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळ हे कांदळवनातलं दुसरं झाड मीठ मुळाशीच अडवतं. खाली बघितलं तर चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर उंचीची असंख्य टोकं वर आलेली असतात. ही श्वासमुळं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मूळ वर येऊन सालीवरच्या बारीक रंध्रांतून हवा घेतं आणि खालच्या मुळांना पोचवतं. एकेका झाडाची ती हजारोंनी असतात. ही टोकं काही दिवस बुडून राहिली, त्यांवर भराव पडला किंवा तेलाचा लेप बसला, की झाड गुदमरतं. वरून ते काही आठवडे हिरवंच दिसतं, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा काठच्या कांदळवनांत हा काळा लेप सगळ्यांनी पाहिला.

रोपवाटिका करायची तर पावसाळ्यात तिवराखाली पडलेल्या बिया गोळा करतात. बी वालाच्या मोठ्या दाण्यासारखी चपटी-फुगीर. भोक पडलेली फेकायची, आत अळी असते. उरलेल्या बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या की साल सुटते. साल काढून, पाच बाय आठ इंची पिशवीत खाडीचाच चिखल भरून, मुळाकडची बाजू खाली करून बी जेमतेम तिसरा हिस्सा रुतवायची. खोल दाबली तर कुजते, वरवर ठेवली तर भरती उचलून नेते. पिशव्यांचा वाफा भरतीने भिजेल पण सुकतीला पूर्ण निथळेल अशा उंचीवर लागतो, भोवती जाळी हवी. खेकडे कोवळा देठ कातरतात आणि शेळ्यांना तिवर फार आवडतं. कांदळाला पिशवीचा उपद्व्याप नको. त्याची लांब शेंग झाडावरच रुजलेली असते, देठाजवळचं कडं पिवळं पडलं की ती पिकली. ती तिसरा हिस्सा चिखलात सरळ खोचली की झालं. तिवराची रोपं सहा-आठ महिन्यांत फूट-दीड फूट होतात आणि पावसाच्या सुरुवातीला, पाण्याचा खारटपणा उतरतो तेव्हा, दीड-दीड मीटरवर लागतात.

इथवर सगळं सोपं आहे. बहुतेक लागवडी मरतात त्या जागा चुकल्याने. मुंबईत ‘कांदळवन लागवड’ म्हटलं की सारखे टी-शर्ट घातलेली शंभर माणसं उघड्या चिखलात रोपं लावताना दिसतात, कारण तिथे जागा मोकळी असते, उभं राहायला सोपं असतं आणि फोटोत पाणी येतं. पण ती जागा मोकळी आहे त्याला कारण आहे. तिथे पाणी इतका वेळ उभं राहतं की रोपाला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पानांवर शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं चढतात, प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या जातात, आणि लाट त्या ओझ्यासकट रोप उपटून नेते. दुर्दैवाने काही जगली तर त्याहून वाईट. तो चिखल रोहितांचं, पाणटिवळ्यांचं, उचाट्यांचं ताट होतं, तिथे झाडी झाली की हे पक्षी उतरत नाहीत. उंच पायांच्या पक्ष्याला उघडं लागतं. ठाणे खाडीत गेली काही दशकं तिवर आपणहून चिखलावर पुढे सरकतंय, कारण भराव आणि पुलांच्या खांबांनी प्रवाह मंदावला आणि गाळ बसत गेला. हिरवं वाढलं म्हणून टाळ्या वाजवाव्यात अशी ही गोष्ट नव्हे. अभयारण्यातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा भाग हा उघडा चिखल आहे, आणि त्याच्या नावाने एकही वृक्षारोपण दिन साजरा होत नाही.

लावायचंच असेल तर जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि मेलं, तिथे. आणि आधी ते का मेलं ते शोधायचं. दहापैकी नऊ वेळा उत्तर एकच निघतं. कुणीतरी बांध घातला, रस्ता केला, पाइप बुजला आणि भरतीचं पाणी आत येणं थांबलं, किंवा आलेलं पाणी बाहेर पडेना. साचलेलं पाणी आटतं, मीठ मागे राहतं, जमिनीवर पांढरी खपली धरते. अशा जागी फिशबोन पद्धतीचे चर खणतात. मधोमध एक मुख्य चर खाडीला जोडलेला आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे फाटे. चर वर रुंद, तळाशी अरुंद, म्हणजे कडा ढासळत नाहीत. उतार खाडीकडे सलग हवा. मध्ये एक जरी खोलगट जागा राहिली तरी तिथे पाणी तुंबतं आणि पुन्हा तीच खपली. चर नीट झाले तर कित्येकदा रोपं लावावीच लागत नाहीत, भरती बिया आणून टाकते. नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्याचंही दुखणं हेच होतं. खाडीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या, तळं सुकलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे विसाव्याला येणारे रोहित रस्त्यावर, दिव्यांच्या झगमगाटात भरकटले. काही जखमी झाले, काही मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ रोहित पडले.

सफाई मोहिमेचंही पाण्याशीच जुळवावं लागतं. उतरत्या पाण्याबरोबर आत शिरायचं आणि पाणी फिरायच्या आधी अर्धा तास बाहेर. सगळ्यांनी एका ओळीत, एकाच पायवाटेने जायचं, कारण शंभर माणसं पसरली तर कचऱ्यापेक्षा त्यांच्या पायांखाली जास्त श्वासमुळं मोडतात. फक्त वरचा कचरा उचलावा. चिखलात गाडलेली पिशवी उपसली तर तिच्यात गुंतलेली मुळं तुटून वर येतात. नायलॉनचं जाळं ओढायचं नाही, कात्रीने तुकडे करून सोडवायचं. गोणी अर्धीच भरायची, ओला चिखल लागलेलं प्लास्टिक किती जड होतं ते उचलल्यावर कळतं, आणि काठावर ठेवलेली गोणी त्याच दिवशी गाडीत चढली नाही तर रात्रीची भरती ती परत नेते. एवढं करूनही पुढच्या उधाणाला तेवढाच कचरा परत येतो, कारण तो नाल्यांतून येतो. नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडथळा लावून तो रोज उपसणं हे कंटाळवाणं, फोटो न येणारं काम खरं उपयोगाचं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या मागे लागावं लागतं आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा लागावं लागतं.

आणि भराव टाकताना कुणी दिसलं तर. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन सरकारी असो की खासगी, आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामालाही. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती आहे, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, आणि २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे. पण ‘खाडीजवळ भराव चालू आहे’ एवढ्या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. सर्व्हे नंबर किंवा अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि फोटो लागतात. फोटो दोन काढावेत, एक सुकतीला आणि एक त्याच जागेवरून भरतीला. सुकतीच्या फोटोत बांध दिसतो, भरतीच्या फोटोत बांधाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन दिसते. पाणी अडवलं हे सिद्ध करायला तेवढं लागतं, कारण बांध घालणारा हमखास सांगतो की ही जमीन पूर्वीपासून कोरडीच आहे. गाडीचा नंबर फोटोत आला तर उत्तम, पण त्यासाठी एकट्याने पुढे जाऊ नये. भराव रात्री पडतो आणि टाकणारे एकटे नसतात. अर्ज तहसीलदार आणि कांदळवन कक्ष दोघांकडे द्यावा, दोन्हीकडची पोचपावती घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी पंचनाम्याची प्रत मागावी.